बॉनेट

पुण्याहून सबनीस आले ते थेट गुडघ्यांवर बसले,
जीपच्या पुढ्यात, तांबळडेगच्या वाळूत,
आणि नखाने रंग खरवडू लागले.

वरचा निळा आमच्या होडीचा.
होडी रंगवून डब्यात जे उरायचं ते बाबा जीपला लावायचे,
दोघी एकाच दिवशी नव्या दिसायच्या.
निळ्याखाली पांढरा: बर्फाच्या कारखान्याची तीन वर्षं,
मिठबावपासून देवगडपर्यंत पाणी गळत जायचं,
मागून कुत्री रस्ता चाटत यायची.
पांढऱ्याखाली लाल. तो कुणालाच आठवत नाही.
लालाखाली लष्करी हिरवा.
हिरवा दिसला आणि सबनीसांनी चष्मा काढून पुसला.

मग मला माझ्याच गाडीचा इतिहास सांगितला:
लढाईसाठी घाईघाईत आखलेली,
समुद्रापलीकडे हजारोंनी जुळवलेली,
लढाई संपली तशी बिनकामाची.
पुढे माझगावात पेट्यांतून सुटे भाग उतरले,
आपल्याच माणसांनी पाने घेऊन ते जोडले.
"पण तुमची त्याआधीची. स्टिअरिंग बघा, डावीकडे!"
मी काय बघणार?
तिथंच बसून तर शिकले.
घाट उतरताना दरी माझ्या कोपराशी असते,
चाक कुठे आहे ते वाकलं की दिसतं.

खडकीच्या लिलावात घेतली बाबांनी,
आईच्या पाटल्या मोडून.
आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.
जीपशी बोलली. काय, ते लिहिण्यासारखं नाही.

"इंजिन मूळचं?"
मूळचं पेट्रोल प्यायचं लग्नातल्या व्याह्यासारखं.
मालवणात पास्कू लोबोनं ते उपटून डिझेलचं बसवलं,
तेव्हापासून आम्ही येतो ते आधी आचऱ्याला कळतं.
"गिअरबॉक्स?" कुडाळच्या भंगारातला.
"सीट?" फळी. होडीची.
"चॅसिस?" हो. म्हणजे, बराचसा.
खारा वारा लोखंड कुरतडतो, रात्री ऐकू येत नाही इतकंच.
दर मे महिन्यात मी गाडीखाली आडवी होते,
काजूच्या टरफलांचं तेल चोपडते,
मग आठवडाभर हातांची सालं निघतात.
सबनीस वहीत एकेका ओळीवर काट मारत गेले.

काट मारायला जागा नव्हती अशी एक गोष्ट मी सांगितलीच नाही.
उधाणाची रात्र, मागच्या फळीवर चंद्री तारी, दिवस भरलेली,
पुळणीत चारही चाकं रुतलेली
आणि पाणी हबला लागलेलं.
मी दार उघडलं. बाबांनी टायरमधली निम्मी हवा सोडली होती,
छोटा लिव्हर मागे ओढत म्हणाले,
"उतरू नको, ढकलू नको. तिका जरा इचार करूंदेत."
तिनं विचार केला.
चंद्रीच्या पोराला घरात अजून जीप्या म्हणतात,
तो आता ट्रॉलरवर असतो, त्याला गाडी लागते.

शेवटी एकच वस्तू खरी निघाली, बॉनेट.
कडेला पुसट पांढरे आकडे, भिंगाखाली चार वाचता आले.
सबनीसांनी किंमत सांगितली.
मला वाटलं अख्ख्या गाडीची.
नुसत्या झाकणाची होती.

दिलं. हो, दिलं.
दोन बिजागऱ्या, चार नट, एक गंजलेला, तो छिन्नीनं तोडला.
त्यांनी ते गोधडीत गुंडाळलं,
मागच्या सीटवर निजवलं आणि पट्टा लावला.
बाबा असते तर?
घासाघीस माझ्यापेक्षा जास्त केली असती.

नवं बॉनेट पास्कूच्या मुलानं
ग्रामपंचायतीच्या जुन्या टाकीच्या पत्र्यातून कापलं.
त्यावर "पिण्याचे" एवढं शाबूत आहे.
उरलेल्या पैशांत चार टायर आले, खोल नक्षीचे,
आणि आईसाठी पाटल्या नाहीत, एकच बांगडी.
ती तिनं उजेडात धरून बघितली,
म्हणाली, "ह्यो रंग तरी मूळचो आसा मा?"

आज ओहोटीला होड्या वर ओढायला गेले.
दोन ओढल्या.
तिसरीला क्लचचा वास सुटला, चाकं जागच्या जागी फिरली,
मागून चौघे ढकलायला धावले.
मी हात वर करून त्यांना थांबवलं.
आणि बसून राहिले.